रोंदा : पूल बघून दोन तासांत परतू नका

डोंगरवाट

स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, मालागा प्रांताच्या डोंगरांत रोंदा नावाचं गाव आहे. वस्ती तेहेतीस-चौतीस हजारांची, उंची समुद्रसपाटीपासून सव्वासातशे मीटरच्या आसपास. बहुतेक पर्यटक किनाऱ्यावरून सहलीच्या बसने उशिरा सकाळी येतात, दरीवरच्या पुलाचे फोटो काढतात, जेवतात आणि चारच्या सुमारास परत फिरतात. या वेळापत्रकाचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आधी गावाबद्दल. गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेल्या खडकाचं एक पठार आहे आणि ग्वादालेविन नदीने ते मधोमध चिरलंय. या चिरेला तिथे 'एल ताहो' म्हणतात. खोली शंभर मीटरहून जास्त. दरीच्या दक्षिणेला जुनं मूर लोकांचं (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचं) शहर, 'ला स्यूदाद'. उत्तरेला 'एल मेर्कादियो', म्हणजे बाजारपेठ. १४८५ मध्ये कॅथलिक राजा-राणीने रोंदा जिंकल्यावर शहराच्या आत माल विकायला कर पडू लागला, तेव्हा व्यापाऱ्यांनी दरीच्या पलीकडे पथाऱ्या मांडल्या आणि पुढे तिथेच वस्ती वाढली. दोन्ही बाजू वरच्या पातळीवर जोडायचा पहिला प्रयत्न १७३५ चा. तो एका कमानीचा पूल घाईने बांधला होता. १७४१ मध्ये तो कोसळला आणि सुमारे ५० माणसं गेली. आज दिसतो तो 'पुएन्ते नुएवो', म्हणजे नवा पूल. त्याचं काम १७५१ ला सुरू झालं आणि १७९३ ला संपलं. उंची ९८ मीटर. बेचाळीस वर्षं! आधीचा अनुभव डोळ्यांसमोर असल्याने या वेळी कोणी घाई केली नाही. दगड दरीतूनच काढून वर चढवला. मधल्या कमानीच्या वर एक खोली आहे, तिचा वापर बराच काळ तुरुंग म्हणून झाला.

काम पूर्ण करणारा वास्तुकार होसे मार्तिन दे आल्देउएला. तो पुलावरून खाली पडून मेला, अशी गोष्ट वाटाडे हमखास सांगतात. तसं झालं नाही. तो १८०२ मध्ये मालागा शहरात वारला.

आता मुख्य मुद्दा. रोंदाच्या तीन बाजूंना तीन संरक्षित डोंगररानं आहेत. पश्चिमेला सिएरा दे ग्रासालेमा, आग्नेयेला सिएरा दे लास निएवेस, नैर्ऋत्येला लोस अल्कोर्नोकालेस. तिन्हींचं रूप वेगळं, पाऊस वेगळा. आणि गावाचा सगळा इतिहास या डोंगरांशी बांधलेला आहे. पाणी, बर्फ, बूच, लोकर, दरोडेखोर, रेल्वे, सगळं तिथूनच आलं. पूल सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण रानं न बघता फक्त पूल बघितला, तर हे गाव इथे का आहे हेच कळत नाही. निदान दोन-तीन रात्री मुक्काम ठेवा, तेवढ्यात किमान दोन रानांची तोंडओळख होते. संध्याकाळी बस गेल्यावर आलामेदा देल ताहोच्या बागेतल्या कठड्याशी उभं राहिलं की समोर ग्रासालेमाची अख्खी रांग दिसते.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो. तिथे राहिलेल्या मंडळींनी भर घालावी.

कृष्णकमळ

फार छान सुरुवात. आम्ही सासूबाई-सासऱ्यांना घेऊन जायचा विचार करतोय. दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासऱ्यांना चालायची आवड आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. आमच्यापैकी कोणी तिथे गाडी चालवणार नाही. गाडीशिवाय रानं बघता येतील का? दुसरं, सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही नाही. आणि कोणत्या महिन्यात जावं?

डोंगरवाट

कृष्णकमळ, गाडीशिवाय सगळ्यात सोपा मार्ग रेल्वेचा. बोबादियाहून रोंदावरून खाली समुद्राकाठच्या आल्खेसिरासला जाणारी लाईन १८९० च्या सुमारास ब्रिटिश भांडवलावर बांधली गेली. रोंदाच्या दक्षिणेला ती ग्वादियारो नदीच्या काठाकाठाने, बोगद्यांतून उतरते. बेनाओहान, हिमेरा दे लिबार, कोर्तेस, गाउसिन ही त्या वाटेवरची छोटी स्टेशनं. सासूबाईंनी नुसतं खिडकीत बसलं तरी ग्रासालेमाची कड आणि अल्कोर्नोकालेसची सुरुवात दोन्ही दिसतील.

सासऱ्यांसाठी: बेनाओहान आणि हिमेरा या दोन स्टेशनांमध्ये नदीकाठची पायवाट आहे, आठ-नऊ किलोमीटर, मोठा चढ नाही. एका स्टेशनवर उतरायचं, चालायचं, दुसऱ्या स्टेशनवरून परतीची गाडी धरायची. दिवसात गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी ठरवून मग चालायला लागा, उलटं करू नका. बाकीच्यांनी हिमेराला थेट गाडीने यावं आणि स्टेशनाजवळ बसून वाट बघावी.

गावात सासूबाईंना एकच जागा टाळायला सांगा: 'कासा देल रेय मोरो'ची (म्हणजे 'मूर राजाचं घर') पाण्याची खाण. खडकात कोरलेल्या दोनशेच्या आसपास पायऱ्या थेट नदीपर्यंत उतरतात. ओल्या, उंच-सखल, अंधाऱ्या. बाकीच्यांनी मात्र ती बघावीच. चौदाव्या शतकात वेढा पडला तर पाणी मिळावं म्हणून ही वाट खोदली, आणि गुलाम पखाली पाठीवर घेऊन ती चढत. १४८५ च्या वेढ्यात हेच पाणी तोडलं गेलं आणि शहर शरण आलं, असं सांगतात. वरचं घर मात्र अठराव्या शतकातलं आहे, कुठल्याही मूर राजाचं नाही. तिथली उतरती बाग फ्रेंच उद्यानरचनाकार फोरेस्तिए याने १९१२ मध्ये आखली. बागेत सासूबाई आरामात बसू शकतील.

सेविया_निवासी

मी इथे सेवियात राहते, रोंदाला अधूनमधून जाणं होतं. महिन्यांबद्दल आणि खाण्याबद्दल मी सांगते.

जुलै-ऑगस्ट नकोच. उंचीमुळे रात्री गार होतं हे खरं, पण दुपारी पारा ३५ च्या वर जातो आणि दगडी गल्ल्या तापतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत वणव्याच्या धोक्याचा काळ धरला जातो. त्या दिवसांत रानात विस्तव पेटवायला बंदी असते. ग्रासालेमातल्या राखीव वाटांपैकी काही पूर्ण बंद असतात, तर काहींवर फक्त अधिकृत वाटाड्याबरोबर सोडतात. म्हणजे उन्हाळ्यात आलात तर ज्यासाठी हा धागा आहे तेच हुकेल. एप्रिल-मे उत्तम, रानफुलं असतात. दुसरा चांगला काळ ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीत रोंदाला खरोखरची थंडी पडते, रात्री पारा शून्याजवळ येतो. जुन्या घरांत गारठा मुरतो, मुक्कामाच्या जागी हीटर आहे का ते विचारून घ्या.

जेवण. इथल्या वेळा पाळायला लागतात. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊच्या पुढे. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. वयस्कर माणसांना हे जड जातं, म्हणून खोलीत फळं, ब्रेड, चीज ठेवा. पूर्ण शाकाहारी, बिनअंड्याचं काय मिळतं? तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घालून देतात, 'बेरेन्हेनास कोन मिएल'. सासूबाईंना नक्की आवडेल. पालक आणि काबुली चण्याची भाजी, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', बहुतेक ठिकाणी असते. 'पिस्तो' म्हणजे टोमॅटो, भोपळी मिरची आणि कोवळ्या भोपळ्याची परतलेली भाजी, पण वर अंडं घालून आणतात. 'आखोब्लांको' हे बदाम-लसणीचं गार सूप. 'साल्मोरेखो' हे टोमॅटो आणि पावाचं दाट गार सूप, त्यावर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं पेरलेलं असतं. मागवतानाच "सिन हामोन, सिन उएवो" सांगायचं, म्हणजे हॅम नको, अंडं नको. आणि "कार्ने नाही" एवढ्यावर थांबू नका. इथे कार्ने म्हटलं की मटण-बीफसारखं मांस डोळ्यांसमोर येतं, हॅम आणि ट्यूना काही जण त्यात धरत नाहीत. दोन्हींची नावं घेऊन स्पष्ट विचारा.

ग्रासालेमा भागात पायोया जातीच्या शेळ्या आहेत. त्यांच्या दुधाचं चीज वियालुएंगा गावात होतं, ते घ्याच. मात्र स्पेनमधल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. सासूबाई ते पाळत असतील तर वनस्पतिजन्य विरजणाचं आहे का ते दुकानात विचारा.

कृष्णकमळ

चीजचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. त्या पाळतात. खूप आभार ताई.

मुक्तछंद

वाचनखूण साठवली. गावात बैलझुंजीचा आखाडा आहे ना? सगळ्या यादीत तो पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतो. डोंगरवाट यांनी उल्लेखच केला नाही, मुद्दाम का?

डोंगरवाट

हो, मुद्दाम. मला तिथे पैसे द्यायचे नव्हते. बैलाला मारणं हा खेळ मानणाऱ्या जागेचं तिकीट काढायला मन तयार होत नाही. हे माझं वैयक्तिक मत आहे.

पितळी_कंदील

तुमच्या मताचा आदर आहे, पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी उलट बाजूने लिहितो. रोंदाचा आखाडा १७८५ मध्ये पुरा झाला, स्पेनमधल्या सर्वांत जुन्या दगडी आखाड्यांपैकी तो एक. रिंगणाचा व्यास ६६ मीटर, सभोवार दोन मजली दगडी कमानी. मालकी 'रेआल माएस्त्रान्सा' या घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेची. तिचं मूळ सोळाव्या शतकातलं, मूळ काम सीमेवरच्या सरदारपुत्रांना युद्धासाठी घोड्यावर तयार करणं. जमिनीवर उभं राहून लाल कापडाने बैलाला सामोरं जायची पद्धत इथल्या पेद्रो रोमेरोने (१७५४–१८३९) रुळवली. आज वर्षात फार थोड्या झुंजी होतात. त्यातली मुख्य सप्टेंबरच्या जत्रेत, अठराव्या शतकातले पोशाख घालून, ती परंपरा १९५४ पासूनची. एरवी रिकामी वास्तू आणि संग्रहालय बघता येतं. जे मनाला पटत नाही त्याची जागा बघितल्याने ते पटलं असं होत नाही. उलट अशी जागा बघितल्यावर त्या समाजात हे कसं रुजलं हे समजतं.

मुक्तछंद

दोन्ही बाजू कळल्या. मी बहुधा बाहेरूनच बघेन. पण सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी जत्रेच्या तारखा आधी बघाव्यात. त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण आणि दर चढे, हे दोन्ही मतांच्या लोकांना उपयोगी.

गिधाडमित्र

धाग्याचं शीर्षक वाचून आत आलो आणि पक्ष्यांबद्दल एकही ओळ नाही म्हणून लिहायला बसलो.

रोंदाच्या पुलावर उभे राहाल तेव्हा खाली बघा. काळेभोर, लाल चोचीचे कावळ्याच्या कुळातले पक्षी दरीत घिरट्या घालताना दिसतील. ते चफ, स्पॅनिशमध्ये 'चोवा'. वसंतात छोटे खरूची, म्हणजे लेसर केस्ट्रेल, दरीच्या भिंतींत घरटी करतात. आणि पाकोळ्यांची मोठी भावंडं, अल्पाइन स्विफ्ट, पुलाच्या कमानींखालून सुसाट जातात. त्यांच्या पाठी वरून बघायला मिळणं ही पुलाची खरी देणगी आहे!

पण ज्यासाठी माझा जीव तुटतो ती गिधाडं. ग्रासालेमाच्या चुनखडीच्या कड्यांवर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. 'गार्गान्ता वेर्दे' नावाच्या घळीत उतरताना ती डोक्यावरून इतकी जवळून जातात की पंखांतून वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. त्या वाटेला परवाना लागतो, आणि विणीच्या काळात घळीच्या आतल्या भागात जाऊ देत नाहीत. ते योग्यच आहे.

भारतातली गिधाडं गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे संपत आली, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. ते सगळं जगासमोर असतानाही स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध जनावरांसाठी वापरायला परवानगी दिली. युरोपातली बहुतांश गिधाडं ज्या देशात आहेत, त्याच देशाने! २०२० मध्ये कातालोनियात एक काळं गिधाड याच औषधाने मेल्याचं पुढे सिद्ध झालं. त्याआधीही एक तडाखा बसला होता. २००१ च्या सुमारास 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने मेलेली गुरं रानात सोडायला युरोपभर मनाई झाली आणि गिधाडांची उपासमार झाली. नंतर ते नियम शिथिल झाले. तुम्ही तिथल्या कड्यावर एखादं गिधाड बघाल तेव्हा ते आपोआप तिथे आहे असं समजू नका.

डोंगरवाट

गिधाडमित्र, ही भर मूळ लेखापेक्षा मोलाची आहे. 'खरूची' शब्द कित्येक वर्षांनी वाचला.

परवान्याचं सविस्तर लिहितो, कारण तिथे बरेच जण अडतात. ग्रासालेमात बहुतेक वाटा मोकळ्या आहेत. गार्गान्ता वेर्दे, एल तोर्रेओन हे १,६०० मीटरच्या वरचं सर्वोच्च शिखर, आणि पिन्सापार (पिन्सापो झाडांचं रान), या राखीव क्षेत्रातल्या वाटांना परवाना लागतो. तो एल बोस्के गावातल्या उद्यान केंद्राकडून आगाऊ घ्यायचा. रोजची माणसं ठरलेली असतात, शनिवार-रविवार लवकर भरतात. प्रवासाच्या तारखा ठरल्या की विमानाच्या तिकिटापाठोपाठ हेच काम करा.

रानवाळा

पिन्सापार मी चालले आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पिन्सापो हे फर कुळातलं झाड. हिमयुगात अशा झाडांची रानं दूरवर पसरलेली होती. हवा तापत गेली तशी ती डोंगरांच्या उत्तरेकडच्या, सावलीच्या, ओल्या उतारांवर मागे सरकत गेली आणि तिथेच अडकून राहिली. आज नैसर्गिकरीत्या पिन्सापो युरोपात फक्त इथल्या तीन डोंगरांवर आहे: ग्रासालेमा, लास निएवेस आणि सिएरा बेर्मेखा. शास्त्रीय जगाला त्याची ओळख स्विस वनस्पतितज्ज्ञ बुआसिए याने १८३८ मध्ये करून दिली. सुया आखूड, कडक आणि फांदीभोवती सगळ्या बाजूंनी उगवलेल्या. बाटली घासायचा ब्रश असतो ना, थेट तशी फांदी दिसते. हाताला टोचतात.

ग्रासालेमा गावाच्या वरून निघून बेनामाओमा गावात उतरणारी ही वाट सुमारे ११ किलोमीटरची. पहिला तास दमवणारा चढ, पाइनमधून. खिंड ओलांडली की उजेड एकदम बदलतो. उत्तरेचा उतार, हिरवा अंधार, पायाखाली ओली माती. दहा मिनिटांपूर्वी आपण उन्हात करपलेल्या दगडांवर होतो हे खरं वाटत नाही. याचं कारण पाऊस. अटलांटिककडून येणारे ढग समुद्र सोडल्यावर या डोंगरांना पहिल्यांदा अडतात आणि ग्रासालेमा गावात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांत त्याची गणना होते. तीस किलोमीटरवरच्या रोंदाला त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. सह्याद्रीच्या लोकांना हा आकडा थोडा वाटेल, पण इथे तो हिवाळ्यात पडतो, थंडीसकट. नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर चांगला रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेतच.

झाडांचं भवितव्य मात्र काळजी करण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सिएरा बेर्मेखात मोठा वणवा लागला. सुमारे १० हजार हेक्टर जळालं, एक अग्निशामक जवान गेला. उन्हाळ्यातल्या बंद वाटांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पितळी_कंदील

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी थोडं.

अरबी स्नानगृहं चुकवू नका. तेराव्या-चौदाव्या शतकातली, दरीच्या तळाशी, खालच्या पातळीवरच्या जुन्या पुलाजवळ. छताला ताऱ्यांच्या आकाराची झरोके-भोकं आहेत, त्यातून उजेडाचे कवडसे पडतात. स्पेनमधली अशी इतकी शाबूत स्नानगृहं थोडीच. पाणी जवळच्या ओढ्यातून रहाटाने उचलून पाटाने आत आणत, ते सगळं आज नीट समजून घेता येतं. सांता मारिया चर्च मशिदीच्या जागी उभं आहे, आत शिरल्यावर मिहराबचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा, तुकडा शिल्लक दिसतो.

रोंदाचाच अब्बास इब्न फिर्नास नवव्या शतकात कोर्दोबाला गेला. अंगाला पिसं आणि पंख लावून त्याने उंचावरून झेप घेतली आणि काही अंतर तरंगला, असं नंतरच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. आणि १९१८ मध्ये आंदालुसियाच्या स्वायत्ततेची मागणी करणारी सभा रोंदालाच भरली. ब्लास इन्फान्ते त्यात पुढे होता. आज सरकारी इमारतींवर दिसणारा हिरवा-पांढरा-हिरवा झेंडा त्याच सभेत ठरला.

गावाबाहेर दोन जागा. वीसेक किलोमीटरवर आसिनिपो हे रोमन शहराचे अवशेष. उघड्या माळावर, वाऱ्यात, डोंगराच्या पोटात कोरलेलं नाट्यगृह. बाकी शहर म्हणजे दगडांचे ढीग आहेत, पण या शहराच्या नाण्यांवर द्राक्षांचे घड होते हे ठाऊक असलं की भोवतीचे द्राक्षमळे वेगळे दिसतात. उघडण्याचे दिवस बदलतात, आधी पर्यटन कार्यालयात विचारा.

दुसरी, बेनाओहानजवळची 'कुएवा दे ला पिलेता'. १९०५ मध्ये होसे बुयोन लोबातो नावाचा शेतकरी खतासाठी वटवाघळांची विष्ठा शोधत दोर लावून उतरला आणि त्याला भिंतींवर चित्रं दिसली. हजारो वर्षांपूर्वीचे घोडे, बैल, शेळ्या आणि खूप आत एक भला मोठा मासा. गुहा आजही त्याच कुटुंबाकडे आहे. आत वीज नाही, लहान गटांना दिवे देऊन फिरवतात, फोटो काढू देत नाहीत. आगाऊ नोंदणी करा. पायऱ्या ओल्या आहेत, कृष्णकमळ यांच्या सासूबाईंसाठी नाही.

चाकावरची_भाकरी

गाडी घेणाऱ्यांसाठी माझ्याकडून. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. भाड्याच्या गाड्या बहुतेक गियरवाल्या, ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगायला लागते. किनाऱ्यावरच्या सान पेद्रोहून रोंदाला चढणारा ए-३९७ रस्ता सतत वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी मालागाकडून आतल्या बाजूने यावं. रोंदाच्या जुन्या भागात गाडी घालू नका, गल्ल्या अरुंद आणि काहींत फक्त रहिवाशांना परवानगी. मेर्कादियोच्या बाजूला तळघरातलं पार्किंग आहे, तिथे लावून चालत फिरा.

गाडी असेल तर सेतेनिल दे लास बोदेगास हे गाव बघून या. नदीने पोखरलेल्या कड्याच्या पोटाखाली घरं बांधली आहेत, म्हणजे छप्पर म्हणून अख्खा डोंगर. दुपारी तिथे हालायला जागा नसते, सकाळी नऊला पोचा.

केवडा

डोंगरवाट, बाकीची दोन रानं राहिली की! लास निएवेस आणि अल्कोर्नोकालेसबद्दल लिहा ना. नावातच बर्फ आहे, आता पडतो का?

डोंगरवाट

पडतो, हिवाळ्यात वरच्या भागात, पण टिकत नाही.

एके काळी त्या बर्फावर गावं जगत. माणसं हिवाळ्यात डोंगरावर दगडी खड्ड्यांत बर्फ तुडवून घट्ट भरत आणि वर पाला-माती घालून झाकून ठेवत. उन्हाळ्यात तो कापून, गुंडाळून, रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खाली शहरांत नेत. औषधाला, मासे टिकवायला, सरबताला. हा धंदा शतकानुशतकं चालला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फाचे कारखाने आले आणि तो संपला. लोस केखिगालेसहून शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर असा एक खड्डा दुरुस्त करून ठेवलाय. मी त्याच्या काठाशी बराच वेळ बसलो होतो. रात्री त्या वाटेने खेचरं हाकणाऱ्यांच्या कष्टांचा विचार मनातून जात नव्हता.

शिखर तोर्रेसिया, १,९१९ मीटर. केखिगालेसपर्यंत ए-३९७ वरून आत कच्चा रस्ता आहे, पाऊस झाला असेल तर चौकशी करून जा. पूर्ण दिवसाची चाल, वाटेत पाणी नाही असं धरून निघा. खालच्या भागात पिन्सापो, वर डोंगरी ओकची म्हातारी, वाकडी, एकाकी झाडं. रानशेळ्या जवळून दिसतात. चुनखडीत पाणी मुरून जमिनीखाली खोल विवरं झाली आहेत, त्यातलं एक १,१०० मीटरहून खोल आहे. जुलै २०२१ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, देशातलं सोळावं.

अल्कोर्नोकालेस सगळ्यात मोठं, सुमारे १ लाख ६८ हजार हेक्टर. इथे बुचाच्या ओकांचं राज्य आहे. झाड तीसेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी एकदा, तेही उन्हाळ्यातच. कुऱ्हाडीचा घाव आतल्या जिवंत थराला लागला तर झाड जन्माचं जायबंदी होतं, म्हणून हे काम अजून माणसाच्या हातानेच होतं आणि साल अजून खेचरांवर लादून खाली आणतात. नुकतं सोललेलं खोड लालबुंद दिसतं. समुद्राच्या बाजूला जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून धुकं येतं, त्यामुळे ओढ्यांच्या अरुंद घळींत, 'कानुतोस'मध्ये, लॉरेल आणि ऱ्होडोडेंड्रॉन टिकून आहेत. हिमयुगाच्याही आधीच्या उष्ण, दमट काळातल्या रानाचे ते तुकडे. कोर्तेस दे ला फ्रोन्तेरा गाव रोंदाच्या बाजूने सोयीचं, पण रेल्वे स्टेशन गावापासून बरंच खाली आहे. चालत चढायच्या भरवशावर राहू नका, टॅक्सीचं आधी ठरवा.

कृष्णकमळ

सगळं घरी वाचून दाखवलं. सासऱ्यांनी नदीकाठची वाट पक्की केली आहे. आम्ही नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरतोय. सासूबाईंना बसल्या जागी रान बघता येईल असं रेल्वेशिवाय काही आहे का?

सेविया_निवासी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे नेमका वेळ साधलात. रोंदाच्या दक्षिणेला हेनाल नदीचं खोरं आहे. पुहेर्रा, इगुआलेहा, पारौता ही चेस्टनटच्या रानातली गावं. त्या दिवसांत अख्खं खोरं तांबूस-सोनेरी होतं, इथे त्याला 'तांब्याचं रान' म्हणतात, आणि गावकरी चेस्टनट वेचत असतात. बस तुटपुंज्या, म्हणून रोंदाहून अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा, भाडं आधी बोलून घ्या. रस्त्याकडेला थांबे आहेत, सासूबाईंना गाडीतून उतरून पाच पावलांवर सगळं दिसेल. मात्र खाली पडलेले चेस्टनट उचलू नका. झाडं खासगी मालकीची आहेत, वर्षाची कमाई असते ती. गावात विकत मिळतात, भाजलेलेही. १ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी असते, त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर गर्दी फार. शक्य असेल तर मंगळवार किंवा बुधवार घ्या.

कृष्णकमळ

बुधवार ठरवते. टॅक्सीचं तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारलं तर चालेल ना?

सेविया_निवासी

चालेल. कार्यालय आखाड्याजवळच आहे. पोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवा, आणि चालकाला सांगा की परतताना पारौतावरून आण. तो रस्ता लांबचा आहे, पण रान तिथे जास्त दाट आहे.